पाच महिने डोळ्यांत थेंब घातले, दुखणं होतं रक्तात

निनावी_तूर्तास

नेहमीच्या आयडीने लिहायचा धीर झाला नाही, म्हणून हा नवा आयडी काढला. जुने मेंबर शैलीवरून ओळखतील कदाचित. ओळखलंत तर कृपया गप्प राहा.

वय ४१. गेल्या वर्षी उजव्या डोळ्यापुढे जाळं आल्यासारखं वाटायला लागलं. डोळा किंचित लाल, उजेड सहन व्हायचा नाही, आणि नजर फिरवली की काळे धागे तरंगायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून तपासलं आणि 'युव्हायटिस' म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराला सूज आहे असं सांगितलं. स्टेरॉइडचे थेंब दिले. रक्ताच्या दोन-तीन तपासण्या सांगितल्या, त्या ठीक आल्या.

पंधरा दिवसांत बरं वाटलं. थेंब कमी केले की पुन्हा जाळं. मग स्टेरॉइडच्या गोळ्या आल्या. त्यानेही तीन आठवडे झकास, आणि नंतर आधीपेक्षा वाईट. असा लपंडाव पाच महिने चालला. या काळात उजव्या डोळ्याची नजर ६/६० पर्यंत घसरली, म्हणजे तपासणीच्या तक्त्यावरचं सगळ्यात वरचं एकच मोठं अक्षर दिसायचं.

मला खरं घाबरवलं ते औषधाच्या बाटलीच्या झाकणाने. लालभडक झाकण. सहज उजवा डोळा मिटून डाव्याने बघितलं, मग डावा मिटून उजव्याने. एका डोळ्याला लाल, दुसऱ्याला वाळलेल्या रक्तासारखं तपकिरी. हे मी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, सूज उतरली की होईल. पुढच्या आठवड्यात डाव्या डोळ्यातही धागे तरंगायला लागले, तेव्हा मी डॉक्टर बदलले.

नव्या डॉक्टरीण बाईंनी झाकणाची गोष्ट ऐकून घेतली आणि सांगितलं की हे नुसत्या आतल्या सुजेचं लक्षण नव्हे, डोळ्याची नस दुखावली की लाल रंग असा फिका पडतो. मग विचारलं, "मध्यंतरी तळहातांवर, तळपायांवर पुरळ आलं होतं का?"

आलं होतं! डोळ्यांच्या दोन महिने आधी. खाज नाही, दुखणं नाही, तांबूस ठिपके. ॲलर्जी म्हणून कुणीतरी गोळ्या दिल्या, ते आपोआप गेलं. डोक्यावर मधेमधे केस विरळ झाले होते, तेही मी टेन्शनच्या खात्यावर टाकलं होतं.

सिफिलिसच्या रक्ततपासण्या झाल्या. व्हीडीआरएल १:१२८ रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह. टीपीएचए पॉझिटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह. निदान: डोळ्यांचा सिफिलिस (लैंगिक संबंधातून लागणारा आजार, डोळ्यात शिरलेला), उजव्या नसेला सूज.

मग भरती. शिरेतून पेनिसिलिन, दर चार तासांनी ४० लाख युनिट, दिवसाला २ कोटी ४० लाख, सलग १४ दिवस. पहिल्या रात्री हुडहुडी भरून ताप आला, अंग मोडून निघालं. मला वाटलं औषध सोसलं नाही. सिस्टर म्हणाल्या, जंतू मरताहेत त्याची ही धामधूम आहे, सकाळपर्यंत उतरेल. उतरला.

आज उजवा डोळा ६/९, डावा ६/६, म्हणजे नॉर्मल. झाकण अजून किंचित फिकं दिसतं. तेवढं बहुधा तसंच राहील.

हा जंतू माझ्याकडे कुठून आला ते मला माहीत आहे, बायकोलाही आता माहीत आहे. त्यावर इथे चर्चा नको. लिहितोय ते एवढ्यासाठी की पहिल्या पाच महिन्यांत ही रक्ततपासणी कुणी सांगितली नाही, आणि 'तुमचे लैंगिक संबंध' हा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कोण काढतं?

---

सांजवेळ

वाचून काटा आला. लवकर पूर्ण बरे व्हा. माझ्या भावाला दोनदा युव्हायटिस होऊन गेलाय, सध्या तिसऱ्यांदा चालू आहे. त्याला ही तपासणी करायला सांगू का? तो चिडेल याची खात्री आहे.

---

अर्धविराम

सिफिलिस म्हणजे गरमी ना? मला वाटायचं तो आजार पेनिसिलिन आल्यावर संपला. आमच्या घरात 'डोळ्यांत गरमी झाली' म्हणत गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायचे. आता तो वाक्प्रचार जपून वापरावा लागणार.

---

नेत्रपल्लवी

मी रेटिनाची, म्हणजे डोळ्याच्या पडद्याची डॉक्टर आहे, म्हणून जरा लांबण लावते.

@अर्धविराम, संपला कसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटातल्या ८० लाख लोकांना सिफिलिस झाला. आमच्या पिढीने शिकताना तो पुस्तकात वाचला आणि पेपर लिहून विसरलो. आता ओपीडीत समोर बसलेला असतो आणि ओळखू येत नाही.

ओळखू न येण्याचं कारण आळस एवढंच नाही. ट्रेपोनेमा पॅलिडम हा मळसूत्रासारखा पिळदार जंतू डोळ्याचा कुठलाही भाग पकडतो. कुणाचं बुबुळ (म्हणजे पुढची पारदर्शक काच, कॉर्निया) धुरकट होतं, कुणाच्या पुढच्या भागाला सूज येते, कुणाच्या पडद्यावर पिवळट चकती उमटते, कुणाच्या रक्तवाहिन्या सुजतात. सगळ्यात जास्त दिसतो तो युव्हायटिस, त्यातही मागच्या भागाचा किंवा संपूर्ण डोळ्याचा. यातलं प्रत्येक रूप दुसऱ्या कुठल्यातरी आजारासारखं दिसतं. टीबी, सार्कॉइड, टॉक्सोप्लाझ्मा, कधी नागीण. म्हणून कारण न सापडलेल्या प्रत्येक युव्हायटिसमध्ये सिफिलिसची रक्ततपासणी व्हायलाच हवी. पेशंट पंचविशीचा असो की पंचाहत्तरीचा, सज्जन दिसो की आणखी कसा. आम्ही तर तोंड बघून ठरवतच नाही, तपासण्यांच्या यादीत ती छापूनच ठेवलीय. त्यामुळे विचारण्याचा अवघडलेपणा निम्मा होतो.

@सांजवेळ, भावाला म्हणा, "तुझ्यावर संशय नाही, यादीत आहे म्हणून कर." चालतं ते.

आता नसेविषयी. डोळ्याची नस तीन-चार प्रकारे या जंतूच्या तावडीत सापडते. नस डोळ्यात शिरते तिथेच सूज आली तर तपासताना ती फुगलेली दिसते, नजर आणि रंग दोन्ही जातात, धागाकर्त्यांचं बहुतेक हेच. सूज आणखी मागे असेल तर आम्हाला आत सगळं नॉर्मल दिसतं आणि पेशंटला मात्र दिसत नाही. तिसऱ्या प्रकारात नसेच्या नुसत्या आवरणाला सूज येते. नस फुगलेली, पण नजर जवळजवळ शाबूत. अशा पेशंटला मेंदूतला दाब वाढलाय असं समजून स्कॅनला पाठवतात. आणि शेवटचा प्रकार म्हणजे नस वाळून पांढरीफट्ट होणं. तिथवर गोष्ट गेली की औषधाने जंतू मरतो, नस परत येत नाही. नसेत दहा लाखांहून जास्त तंतू असतात आणि मेलेला एकही पुन्हा उगवत नाही.

स्टेरॉइडने लपंडाव का झाला? सूज ही शरीराची जंतूशी चाललेली मारामारी. स्टेरॉइडने शरीराचे हात बांधले, मारामारी थांबली, म्हणून काही आठवडे शांत वाटलं. तेवढ्यात जंतूला मोकळं रान. प्रतिजैविकाच्या पांघरुणाखाली आम्हीही काही वेळा स्टेरॉइड देतो, पण नुसतं स्टेरॉइड हे इथे विष आहे.

---

खडूस_आजोबा

कर्माची फळं, दुसरं काय. सहानुभूतीचा पूर कशाला? वागणं नीट ठेवलं असतं तर डोळे नीट राहिले असते.

---

खारूताई

आजोबा, मी नवजात बाळांच्या विभागात नर्स आहे. हाच जंतू आईकडून पोटातल्या बाळाला जातो. बाळ जन्मताना धडधाकट दिसू शकतं. पुढे ५ ते २० वर्षांच्या दरम्यान कधीतरी दोन्ही बुबुळं धुरकट होतात, त्यात रक्तवाहिन्या शिरतात. सोबत खाचा पडलेले पुढचे दात आणि बहिरेपण. ही त्रयी १९व्या शतकात हचिन्सन नावाच्या डॉक्टरांनी नोंदवली, आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. त्या पोराचं कुठलं कर्म ते सांगा, मी फाइलमध्ये लिहून ठेवते.

आणि हे सगळं टळतं कशाने? गरोदरपणातल्या एका रक्ततपासणीने आणि वेळेवर दिलेल्या पेनिसिलिनने.

---

रिकामटेकडा

खारूताई __/\__

---

नेत्रपल्लवी

खारूताईंच्या मुद्द्यात एक भर. त्या मुलांच्या बुबुळाचा तो त्रास जंतूपेक्षा शरीराच्या प्रतिकारामुळे होतो. त्यामुळे तिथे गंमत उलटी आहे: पेनिसिलिन द्यावं लागतंच, पण बुबुळाची सूज उतरते ती स्टेरॉइडच्या थेंबांनी. मघाशी मी स्टेरॉइडला विष म्हटलं, ते सरसकट समजू नका. जागा बदलली की हिशेब बदलतो.

---

नमुना_क्रमांक_सात

लॅबवाला आहे. रिपोर्टच्या भानगडी सांगतो, कारण अर्धे लोक तिथेच फसतात.

तपासण्या दोन जातीच्या. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही जंतूची थेट तपासणी नाही. जंतूने शरीराचं जे नुकसान केलंय त्यावर तयार होणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) ती मोजते. तिचा आकडा येतो, १:८, १:३२ वगैरे (नमुना किती पट पातळ केला तरी पॉझिटिव्ह येतो तो), आणि उपचारानंतर उतरतो. टीपीएचए किंवा एफटीए ही खास त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. ती एकदा पॉझिटिव्ह आली की सहसा जन्मभर पॉझिटिव्ह राहते, बरे झालात तरी. नंतर कधी तब्येतीची तपासणी करताना ती पॉझिटिव्ह दिसली म्हणून झोप उडवून घेऊ नका.

नुसती व्हीडीआरएल केली तर दोन बाजूंनी फसगत होते. बरीच वर्षं मुरलेल्या आजारात ती आपोआप निगेटिव्ह होऊ शकते, आणि डोळ्यांचे काही पेशंट नेमके असे जुने असतात. दुसरी फसगत मजेशीर आहे. रक्तात प्रतिपिंडं प्रमाणाबाहेर असतील तर मिश्रणात गुठळ्याच धरत नाहीत आणि रिपोर्ट निगेटिव्ह जातो. याला प्रोझोन म्हणतात. तोच नमुना पातळ करून लावला की धडाधड पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'डोळ्यांचा त्रास, सिफिलिसचा संशय, डायल्युशन लावा' एवढं लिहिलं तरी आमच्याकडचा माणूस सावध होतो. चिठ्ठीवर काहीच नसतं, नुसतं 'रक्त'!

---

पुनवेची_पोर

उलट्या बाजूनेही सांगते. मला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. माझी व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली होती आणि सासूबाईंच्या हातात रिपोर्ट पडला. पुढचे चार दिवस घरात जे झालं ते लिहीत नाही. टीपीएचए निगेटिव्ह आली तेव्हा कळलं की ल्युपसमध्ये व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. गरोदरपणात, मलेरियात, म्हातारपणीही येते म्हणे. दोन्ही तपासण्या एकदम करा हो, निदान घरं तरी मोडणार नाहीत.

---

ढवळ्या_पवळ्या

मला त्वचारोगवाल्यांनी दीड वर्षापूर्वी याच आजारासाठी कमरेत एक इंजेक्शन दिलं होतं. पुरळ गेलं, मी विषय संपवला. आता हे वाचून डोळे चोळतोय. एक इंजेक्शन पुरतं की १४ दिवस भरती? नक्की काय?

---

नेत्रपल्लवी

@ढवळ्या_पवळ्या, ते बेन्झाथिन पेनिसिलिन असणार, २४ लाख युनिट. सुरुवातीच्या टप्प्यात, डोळे-मेंदू-कान यांचा त्रास नसताना, तेच बरोबर औषध आहे. तुमच्यावर काही अर्धवट झालेलं नाही. ते स्नायूत साठून आठवडेच्या आठवडे रक्तात थोडं थोडं झिरपतं. पण मेंदूभोवतीच्या पाण्यात त्याची पुरेशी मात्रा पोचत नाही. आणि डोळ्याचा पडदा आणि नस हे मुळात मेंदूचेच भाग, बाहेर आलेले. म्हणून डोळ्यात सिफिलिस शिरला की उपचार मेंदूच्या सिफिलिसचा. शिरेतून पेनिसिलिन १० ते १४ दिवस. भरती होणं अशक्यच असेल तर रोज प्रोकेन पेनिसिलिनचं इंजेक्शन आणि दिवसातून चारदा प्रोबेनेसिडची (पेनिसिलिन शरीरात टिकवून धरणारी) गोळी, तीही तितकेच दिवस. काही ठिकाणी सेफ्ट्रिॲक्सोन हे दुसरं प्रतिजैविक देतात. पेनिसिलिनची खरीखुरी ॲलर्जी असेल तर ते थोड्या थोड्या मात्रेने अंगवळणी पाडूनही देता येतं.

तुम्ही एवढंच करा: व्हीडीआरएलचा आकडा तेव्हा किती होता आणि आता किती आहे ते बघा. चार पटीने उतरला असेल, म्हणजे १:३२ चा १:८ किंवा त्याहून खाली, तर समाधान. नजरेत काहीही फरक वाटत असेल तर आकड्याची वाट न बघता डोळे तपासून घ्या.

---

सांजवेळ

मणक्यातलं पाणी काढावं लागतं का? भाऊ त्याच भीतीने पळेल.

---

निनावी_तूर्तास

माझं काढलं. कारण डोळ्याच्या नसेलाही सूज होती. पाणी जवळपास नॉर्मल निघालं, तरी उपचार बदलला नाही.

---

नेत्रपल्लवी

बरोबर. पाणी नॉर्मल आलं म्हणून डोळ्याचा सिफिलिस नाही असं ठरत नाही. त्रास फक्त डोळ्यापुरता असेल, तपासणीत तो दिसत असेल आणि रक्त पॉझिटिव्ह असेल, तर पाणी न काढता थेट उपचार सुरू करायला हरकत नाही अशी आता शिफारस आहे. चेहरा वाकडा होणं, दुहेरी दिसणं, गोंधळल्यासारखं होणं, असं काही जोडीला असेल तर मात्र काढावं. कानात आवाज किंवा ऐकू कमी येत असेल तर तेही आवर्जून सांगा, हा जंतू कानालाही सोडत नाही.

---

पोथीपंडित

इतिहासाची पिंक टाकून जातो.

आपल्या जुन्या वैद्यकात या आजाराला फिरंग रोग म्हणायचे. फिरंग्यांबरोबर आला म्हणून. प्रत्येक देशाने तो शेजाऱ्याच्या नावावर खपवलाय: इतरांनी 'फ्रेंच रोग' म्हटलं आणि फ्रेंचांनी 'नेपल्सचा रोग'.

डोळ्यांशी त्याचं नातं जुनं आहे. १८६९ मध्ये आर्गाइल रॉबर्टसन या स्कॉटिश डॉक्टरने काही पेशंटांच्या बाहुल्यांची गंमत लिहून ठेवली. प्रकाश टाकला तर बाहुली ढिम्म, पण जवळची वस्तू बघायला सांगितली की आकसते. पुढे लक्षात आलं की यातल्या बहुतेकांना मज्जासंस्थेचा सिफिलिस होता. जंतू स्वतः सापडला थेट १९०५ मध्ये, शाउडिन आणि हॉफमन यांना. म्हणजे छत्तीस वर्षं आरोपीचा ठसा हातात होता आणि आरोपी बेपत्ता.

उपचारांची कथा अधिक क्रूर. आधी पारा. मग आर्सेनिकची औषधं. त्यातलं ॲटॉक्सिल तर असं की काही पेशंट आजाराने नव्हे, औषधाने डोळ्याची नस मरून आंधळे झाले. १९१० मध्ये एर्लिश आणि हाता यांचं साल्व्हरसान आलं, ते बरं होतं. १९४३ मध्ये महोनी आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा सिफिलिसवर पेनिसिलिन वापरलं, आणि आजतागायत हा जंतू पेनिसिलिनला पुरून उरलेला नाही. ॲझिथ्रोमायसिनला मात्र तो सरावलाय.

---

खडूस_आजोबा

खारूताई, बाळांचा मुद्दा मान्य. माझे शब्द जास्त झाले. बाकी मत तेच.

---

अर्धविराम

एक बावळट प्रश्न. डोळ्यांच्या सिफिलिसवाल्याशी नजरानजर, टॉवेल, पाण्याचा ग्लास, संडासाची सीट... यातून लागतो का?

---

नेत्रपल्लवी

बावळट नाही, रोज विचारतात. नाही. लैंगिक संबंधातून (मुखमैथुन धरून), आईकडून बाळाला, क्वचित रक्तातून. पहिली जखम दुखत नाही आणि आपोआप भरते, तिथेच माणूस गाफील राहतो.

डोळ्यापर्यंत कुणाचा जाईल हे सांगता येत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यात पाच स्त्रिया डोळ्यांच्या सिफिलिसने आजारी पडल्या. एकमेकींशी संबंध नाही, पण सगळ्यांचा जोडीदार एकच पुरुष निघाला. त्याच्या डोळ्यांना काहीच त्रास नव्हता. म्हणून जोडीदाराची तपासणी हा उपचाराचाच भाग. आणि सोबत एचआयव्हीचीही.

---

निनावी_तूर्तास

बायकोची तपासणी झाली होती. निगेटिव्ह. तीन महिन्यांनी पुन्हा केली, पुन्हा निगेटिव्ह. त्या दोन तारखांच्या मधले दिवस मला उजव्या डोळ्यापेक्षा जड गेले.

सहा महिन्यांनी माझी व्हीडीआरएल १:१६ आली. डॉक्टरीण बाई खूश. एवढं सगळं होऊनही त्यांनी एकदाही 'असं कसं झालं' विचारलं नाही. 'कधीपासून' विचारलं.

@ढवळ्या_पवळ्या, आकडा मिळाला का?

---

ढवळ्या_पवळ्या

तेव्हा १:६४, आता १:४. डोळे तपासले, स्वच्छ. हुश्श.

---

सांजवेळ

भावाने केली एकदाची. 'यादीत आहे' हे वाक्य चाललं, आभार नेत्रपल्लवी. व्हीडीआरएल, टीपीएचए दोन्ही निगेटिव्ह. चिठ्ठीवर डायल्युशनचंही लिहून घेतलं होतं. डॉक्टर आता टीबीच्या दिशेने बघताहेत, बहुतेक गोळ्या सुरू होतील.

---

नेत्रपल्लवी

उत्तम. त्या गोळ्यांत इथॅम्बुटॉल असेल तर एक लक्षात ठेवा. ते क्वचित डोळ्याच्या नसेला लागतं, आणि सुरुवात रंग फिके दिसण्यापासूनच होऊ शकते. गोळ्या सुरू व्हायच्या आधी एकदा नजर आणि रंगांची तपासणी, मग अधूनमधून. घरी एकेक डोळा झाकून लाल वस्तू बघत राहायला सांगा.

---

निनावी_तूर्तास

झाकण पाठवू का? माझ्याकडे बरीच जमलीत.